बुरुजाचा हुंकार

१

मला आठवतो तो पहिला आवाज आईचा नाही, आत्याचा आहे. मी उशीत तोंड खुपसून पडलेली, आत्याचा हात पाठीवर, आणि तिचा तो जाडसर, उबदार गळा :

*तळ्याकाठी भिंत, भिंतीवर वारा,*
*वाऱ्याच्या कुशीत निजे गाव सारा...*

ओळी संपल्या की ती ओठ मिटून एक लांबच लांब हुंकार धरायची. तो मध्येच तुटला की मी डोळे उघडायचे.

"थांबलीस का?"

"अगं, मला दम घ्यावा लागतो. बुरुजाला नाही लागत."

तो बुरुज खरा होता. आत्या लहान असताना आजोबा तिला एका जुन्या गावी घेऊन गेले होते. गावाभोवती तट, तटाखाली तळं, आणि तळ्यावर पोट काढून उभा असलेला एक बुरुज. तो गातो म्हणे. दोन संध्याकाळी दोघं तिथे बसून रिकाम्या कानांनी परत आली, कारण तळं नुसतं झोपून होतं. तिसऱ्या संध्याकाळी वारा सुटला आणि बुरुजाच्या अंगातून आवाज निघाला. वारा होता तोवर तो चालला, वारा पडला तसा विझला. त्या आवाजाने आत्याला जन्माचं कानाचं वेड लावलं. पुढे तिने इस्पितळात आयुष्यभर लोकांचे कान तपासले. माणसाला काचेच्या खोलीत बसवायचं, कानांवर डबे चढवायचे आणि सांगायचं, "ऐकू आलं की बटण दाबा."

गंमत म्हणजे मी लग्न होऊन त्याच गावी आले. नवरा गवंडी, जुन्या दगडी भिंती दुरुस्त करणारा. "तुला नवरा नाही गं मिळाला, बुरुज मिळाला," आत्या म्हणाली होती. पण तिचं येणं होत नव्हतं. आज रजा नाही, उद्या गुडघा. शेवटी निवृत्त होऊन ती आली, आणि बसमधून उतरताच तिने विचारलं, "संध्याकाळी किती वाजता न्यायचं मला?"

मी तिची पिशवी घेतली. कसं सांगावं ते कळेना.

"आत्या, आठवडा झाला. बुरुज बोलत नाहीये."

"बोलत नाही म्हणजे?"

"रोज दिवेलागणीला हुंकार यायचा. न चुकता. गेल्या आठवड्यात एकदम बंद झाला. गावात म्हणतात, चोरीला गेला. आणि चोर कोण ठरलाय माहितीये? तुझे जावईबापू."

२

नवरा जेवायला बसला होता, पण ताटातल्या भाताला बोटांनी नुसत्या दरजा पाडत होता.

"तटाची दुरुस्ती माझ्याकडे आहे, आत्या. पहिलंच एवढं मोठं काम. दगडांमधल्या दरजा मोकळ्या झाल्या होत्या, त्या नव्या चुन्याने भरल्या. ज्या दिवशी बांबूंची परांची उतरवली, त्याच संध्याकाळी आवाज बंद. ज्यांनी काम दिलं ते साहेब म्हणतात, मी बुरुजाचा गळा दाबला. परवा पाहणी आहे. तोवर आवाज आला नाही तर काम काढून घेणार, आणि भरलेल्या सगळ्या दरजा फोडायला लावणार."

"तू बुरुजाला हात लावलास का?"

"बोटसुद्धा नाही. बुरुजाच्या अलीकडे थांबलो. पण ऐकतो कोण? ह्या तालुक्यात मला पुन्हा कुणी भिंत देणार नाही."

"मी ऐकते ना," आत्या म्हणाली. "माझा धंदाच तो होता. आधी जेव. उपाशी माणसाच्या कानात गुणगुण येते, साक्ष बिघडते."

तो कितीतरी दिवसांनी हसला, आणि भात संपवला.

सकाळी आम्ही तटावर गेलो. वरून चालायला वाट चांगली रुंद आहे. एका हाताला गावाची कौलं, गच्च्या, वाळत टाकलेले कपडे. दुसऱ्या हाताला तळं, पार पलीकडच्या टेकडीपर्यंत. आत्या मधूनमधून दगडावर तळवा ठेवी, ओळखीच्या माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा.

बुरुजाशी आलो. तो बाहेर फुगलेला असल्यामुळे बाजूच्या तटावरून त्याची पाण्याकडची अंगकाठी दिसते. नवऱ्याने आपलं काम दाखवलं. दुधाळ चुन्याच्या रेषा बुरुजाच्या अलीकडे स्वच्छ थांबल्या होत्या.

"आणि ही तटावरची चौकोनी भोकं?" आत्याने विचारलं.

"परांचीची. बांबू ह्यांत रोवायचे, त्यांवर फळ्या टाकायच्या, त्यावर उभं राहून काम करायचं. काम झालं की वरून खाली येत येत भोकं बुजवायची. तो गवंड्याचा शेवटचा हात. ही जरा राहिलीत माझी."

"बुरुजावर एकही दिसत नाही."

"आहेत की. पाण्याकडे ते राखाडी चौकोन बघा, ओळीने. कुणा जुन्या हाताने बुजवलेत. सुरेख काम आहे, डोळ्यांनासुद्धा सांधा सापडत नाही."

त्या चौकोनांवर दगडफुलाचे गोल गोल, चांदीसारखे ठसे उमटले होते. आत्या वाकून बघत राहिली.

"दगडफूल एवढं पसरायला किती काळ लागतो रे?"

"अर्धं आयुष्य तरी."

"हं," आत्या म्हणाली, आणि बुरुजाच्या पोटातल्या खोलीच्या दाराकडे वळली. दाराला कुलूप होतं. "ह्याची किल्ली कुणाकडे?"

"किल्लीकाकांकडे. तटाच्या सगळ्या दारांचे राखणदार."

दाराच्या फटीतून कुणीतरी आत हलल्याचा आवाज आला. कुलूप बाहेरून, आणि माणूस आत. आम्ही तिघंही थबकलो.

३

निघालं ते कबुतर. फडफडत वरच्या जंग्यातून बाहेर पडलं. जंग्या म्हणजे पूर्वी बाण सोडायला ठेवलेली उभी फट. त्या खोलीची जंग्या थेट तळ्यावर उघडते.

"पहिला संशयित सुटला," आत्या म्हणाली.

किल्लीकाका गळ्यापासून नाकापर्यंत मफलर गुंडाळून आले. एरवी काका म्हणजे वाहता झरा. तटाचा दगड न् दगड कुणी, कधी बसवला ते सांगतील, मध्येच तुमच्या पोराबाळांची चौकशी करतील. आज नुसती मान हलवली.

"ह्यांना सर्दी झालीये," खालच्या पायरीवरून काकू म्हणाल्या. काकूंची चहाची गाडी बुरुजाच्या सावलीत, अगदी जंग्याखाली, पाण्याकाठच्या ओट्यावर असते. "आठवडाभर तोंड उघडलं नाही. घरात इतकी शांतता कधी नव्हती हो. मी रेडिओ लावते."

काकांनी डोळ्यांनीच बायकोवर रागावून दार उघडलं. खोलीत जुन्या फळ्या, दोरखंड, घमेली, एक खुर्ची. सगळ्यावर धुळीची साय. जंग्याजवळच्या कट्ट्यावर एक मोठ्या पोटाची, अरुंद तोंडाची मातीची सुरई होती. आत्याने तिच्या काठावरून बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. बोट स्वच्छ होतं.

"पाणी ठेवता का हिच्यात?"

काकांनी मान डोलावली. आत्याने सुरई उचलून कानाशी हलवली. आत पाण्याचा थेंब नव्हता, तळ पांढराफटक कोरडा.

खाली काकूंनी चहा दिला. काकांनी आपला कप घेतला आणि भिंतीकडे तोंड करून, बशीत ओतून, निववून प्यायले. बिस्किटाला हात लावला नाही.

"तुम्ही ह्या गावच्याच का?" आत्याने काकूंना विचारलं.

"छे हो. पलीकडच्या काठाची मी. हे तेव्हा तटाच्याच कामावर होते, गवंडी म्हणून. माझ्या भावाशी ह्यांची दोस्ती. मला म्हणाले, आमच्याकडे भिंत गाते. मी म्हटलं, थापा मारायला मीच सापडले का? तर म्हणाले, ये आणि ऐक. आले, ऐकलं. मग परत कुठली जाते." त्या मोकळ्या हसल्या. "तेव्हापासून एक संध्याकाळ चुकवली नाही मी. हुंकार झाला की ह्यांना चहा द्यायचा, त्यात चमचाभर मध. घशाला बरा. आता ती बाटली तशीच पडून आहे. हल्ली गरज नाही ना."

आत्याचा कप ओठांशी क्षणभर थांबला. तिने काकूंकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग चहा संपवला.

४

गावाचा खरा संशय, नवऱ्याखालोखाल, होडीवाल्यावर होता. संध्याकाळी लोक हुंकार ऐकायला तटावर बसायचे नि त्याच्या होड्या काठाला रिकाम्या डुलायच्या, हे त्याचं जुनं रडगाणं.

"मी भिंत बंद पाडली?" तो होडी खरवडता खरवडता म्हणाला. "बाई, मला माझं इंजिन चालू करता येत नाही, दुसऱ्याचं बंद काय करू? आणि मागच्या वर्षापासून मी लोकांना पाण्यातूनच ऐकवायला न्यायला लागलो होतो. आता तेही गेलं. माझंच नुकसान जास्त."

"परांची उतरवली त्या दिवशी तू बुरुजाखाली होडी लावलेली लोकांनी पाहिली," मी म्हणाले. "काहीतरी गाठोडं घेऊन निघालास म्हणे."

त्याने खरवडणं थांबवलं. "गाठोडं नव्हतं ते."

"मग?"

"शब्द दिलाय. नाही सांगणार. पण चोरीबिरी काही नाही, तळ्याची शपथ." आणि पुन्हा जोरात खरवडायला लागला, आमचा आवाज बुडावा म्हणून.

परतताना आत्या म्हणाली, "हा खरं बोलतोय. खोटं बोलणारा इतकं वाईट लपवत नाही. पलीकडच्या काठावर काय काय आहे गं?"

"बाजार, शाळा, दाताचा दवाखाना..."

"बरं. जावईबापूंना विचार, परांची उतरवताना मदतीला कोण कोण होतं?"

नवऱ्याने डोकं खाजवलं. "माझी माणसं. आणि किल्लीकाका. नको नको म्हणताना बांबू झेलायला उभे राहिले. मग मध्येच कुठे गायब झाले, सांगूनही गेले नाहीत. मला वाटलं, दमले असतील."

आत्या खाटेवर पाय पसरून बसली. "तुझ्याकडे त्या हुंकाराचं काही आहे का? फोनमध्ये वगैरे?"

होतं. मागच्या उन्हाळ्यात नवऱ्याला हे काम मिळालं, त्या आनंदात आम्ही तटावर गेलो होतो तेव्हाचं. मी लावून दिलं. नवरा खुळ्यासारखा हसतोय, मागे तळं, तळ्यात बुरुज उलटा उभा, दगड न् दगड मोजावा असा. आणि तो आवाज, खोल, गोल. थांबून पुन्हा. थांबून पुन्हा.

आत्याने डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, "आता आवाज बंद करून दाखव."

"आवाजासाठीच तर..."

"दाखव तर."

तिने मुकं चित्र पाहिलं. मग आरशासारख्या त्या पाण्यावर बोट ठेवलं, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू असं हसू पसरलं की मला काही कळेना.

"काय झालं?"

"मी लहानपणी ऐकला तो हा बुरुज नव्हेच," आत्या म्हणाली. "चल. किल्लीकाका एकटे असतील तेव्हाच गाठलं पाहिजे त्यांना."

५

भर दुपारी काकू घरी गेलेल्या असतात. काका बुरुजाच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, सुरई मांडीवर. आम्हाला बघून त्यांनी ती खाली ठेवली.

आत्या समोरच्या फळ्यांवर बसली. पेशंटशी बोलावं तसं हळू बोलली.

"मफलर काढला तरी चालेल. मी कान तपासले, पण कान तपासताना सारखं तोंडाकडेच बघावं लागतं. पुढचे दात गेलेत ना? बांबू लागला."

काकांनी दाराकडे एकदा पाहिलं. मग मफलर खाली ओढला. वरचा ओठ अजून सुजलेला होता.

"परांचीवाल्या पोराला सांगू नका," ते बोबडं बोलले. "त्याला वाटेल, त्याच्यामुळे. हिलासुद्धा सांगितलंय की पायरीवर पडलो, आणि लोकांना सर्दी म्हण. होडीवाल्याने पलीकडे दाताच्या दवाखान्यात नेलं, त्याच्याकडूनही शब्द घेतलाय."

"आणि दातांशिवाय सुरईच्या तोंडावर फुंकर धरता येत नाही."

मी आत्याकडे बघितलं, मग सुरईकडे. तो धुळीतला एकच स्वच्छ काठ.

"मी ऐकला तो बुरुज वाऱ्याचा मिंधा होता," आत्या म्हणाली. "वारा नसला तर तो गप्प बसे. दोन संध्याकाळी मला परत पाठवलं त्याने. तुमचा रोज गातो, दिवेलागणीला, तळ्यावर सुरकुती नसली तरी. पोरीच्या फोनमध्ये पाणी आरशासारखं आहे नि आवाज चालू आहे. शिवाय तो थांबतो, पुन्हा सुरू होतो. दम घेतो. माझ्या अंगाईसारखा."

काकांनी आपले हात उलटेसुलटे करून पाहिले. जुन्या गवंड्याचे हात, चुन्याने कायमचे भेगाळलेले.

"बुरुजाचं काम माझ्याकडे होतं," ते म्हणाले. "त्यात आयतीच भोकं होती, म्हणून त्यांतच बांबू रोवले. काम संपलं, उतरत उतरत सगळी बुजवली. हाताला सवयच ती. भोक दिसलं की गवंड्याला परांचीचंच वाटतं. संध्याकाळी वारा सुटला आणि भिंत गप्प. तेव्हा कळलं काय केलं ते. आणि दुसऱ्या दिवशी ही यायची होती. पाण्यावरून, नटूनथटून, भिंत ऐकायला."

"मग?"

"मग काय. ही सुरई होती. म्हटलं, एकच दिवस. तिचा चेहरा पडायला नको. पुढे भोकं मोकळी करीन. पण परांची परत गेलेली, मागायची तर कारण सांगावं लागणार. आणि ही दुसऱ्या दिवशी परत आली. मग रोजच." ते कसंनुसं हसले. "लोक म्हणायला लागले, भिंत आता जास्तच छान गाते."

"तुमच्यामुळे ह्या पोरीच्या नवऱ्याचं काम जातंय."

"म्हणून तर तुम्ही गेल्यापासून बसलोय इथे, फुंकून बघत. नुसती हवा निघते. उद्या पाहणीत साहेबांना सांगणार आहे मी. पोराचं नुकसान नाही होऊ देणार. फक्त..." त्यांनी जंग्यातून खाली, चहाच्या झाकलेल्या गाडीकडे पाहिलं. "ती ह्या आवाजावर आली हो माझ्याकडे."

आत्या उठली. "मी कान तपासले, चुगल्या नाही केल्या. साहेबांना भोकांचं मी सांगते. तुमचं तुमच्यापाशी. पण भोकं अजून जिवंत असली तर."



६

साहेब नकाराची मान हलवत आले, आधीच निकाल लिहून आल्यासारखे. आत्याने त्यांना तटाच्या कडेशी नेलं आणि बोट केलं.

"तो राखाडी चुना बघा. त्यावरचं दगडफूल बघा. ह्या पोराच्या जन्माआधी बुजवलेली भोकं आहेत ती. एक उघडू द्या. नाही गायला बुरुज, तर खुशाल काम काढून घ्या."

"आणि बुरुजाचं काही झालं तर?"

"तर मला काचेच्या खोलीत बसवा."

साहेब हसले, आणि हसल्यावर माणसाला नाही म्हणणं जड जातं.

नवऱ्याने फळीचा झोपाळा दोरखंडाला बांधला आणि स्वतःला बुरुजाच्या अंगावर सोडलं. खाली होडीवाला होडी लावून उभा, पडलाच तर झेलायला. दोर धरायला काका सगळ्यांच्या पुढे. छिन्नीचा टक् टक् आवाज, राखाडी तुकडे पाण्यात पडताहेत.

मग खालून नवऱ्याचा आवाज आला, बदललेला. "आत्या. हे परांचीचं भोक नव्हे. आत खोल गेलंय. गुळगुळीत. आत जाता जाता निमुळतं होतंय, बासरीसारखं. कुणीतरी मुद्दाम घडवलंय हे."

"मग बाकीचीही उघड," साहेब म्हणाले.

सगळी उघडेपर्यंत ऊन कललं. तळं निपचित होतं. आम्ही तटावर बसलो. काकूंनी सगळ्यांना चहा दिला, साहेबांनी घड्याळ बघितलं, पुन्हा बघितलं. नवऱ्याचा चुन्याने माखलेला हात माझ्या हातात होता.

"दोन संध्याकाळी परत गेले होते मी," आत्या हळूच म्हणाली. "आज नको रे बाबा."

पलीकडच्या टेकडीखाली पाणी काळवंडलं. मग एक थरथर आमच्याकडे पळत आली, सगळ्या तळ्यावरून, लहान मुलांची रांग धावत यावी तशी. केस उडाले. आणि बुरुज बोलला.

किती वर्षांनी, कोण जाणे. आवाज सुरईपेक्षा खोल होता, दगडाच्या तळातून, पायांतून चढणारा. तो आला आणि थांबलाच नाही. वारा वाहत राहिला, आवाज वाहत राहिला. आत्याने डोळे मिटले होते, आणि एका हाताचा अंगठा मांडीवर दाबून धरला होता. ऐकू आलं की बटण दाबतात तसा.

साहेबांनी नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. "तटाचं उरलेलं काम तुझंच. आणि बुरुजाचंही." मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण एक कळलं नाही. भोकं इतकी जुनी बुजलेली, तर मग आम्ही रोज ऐकत होतो ते काय?"

आत्या तळ्याकडे बघत राहिली. होडीवाल्याने वल्ह्यावर काही नसलेलं काहीतरी पुसलं. काका उभे राहिले. मफलर सोडला, दोन्ही हात पुढे बांधले.

"साहेब, ते..." त्यांनी बायकोकडे पाहिलं, आणि शब्द तिथेच अडकला.

काकूंनी किटली खाली ठेवली. पदराला हात पुसले.

"ते हे होते," त्या म्हणाल्या. "सुरई फुंकायचे."

काकांचं तोंड उघडंच राहिलं, दातांची खिंड दाखवत.

"तुला... कधी कळलं?"

"पहिल्याच संध्याकाळी. भिंत मध्येच खोकली होती." त्यांनी मधाची बाटली उचलली, झाकण उघडलं, पुन्हा लावलं. "मी काय भिंतीसाठी राहिले होते का इथे? म्हटलं, माझी निराशा होऊ नये म्हणून जो माणूस भिंत होऊन बसतो, तो बरा."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही थांबला असता."

वारा अजून वाहत होता. काकू क्षणभर त्या न तुटणाऱ्या आवाजाकडे कान देऊन उभ्या राहिल्या, मग काकांचा मफलर नीट करता करता म्हणाल्या, "छान गातेय हो ती. पण नवे दात आले की संध्याकाळी एकदा सुरई घ्या. हिला मध्ये दमच घ्यायला नको. मला आपली दम घेणाऱ्याची सवय आहे."